रोबोट म्हणजे बेगार

माझा आजा मालगुजाराच्या तलावावर बेगार करायचा. मूलच्या भोवताली जे तलाव आज सरकारी कागदात 'माजी मालगुजारी तलाव' आणि लोकांच्या तोंडी 'मामा तलाव' आहेत, त्यांच्या पाळीवर पावसाळ्याआधी माती चढवायची असली की गावातून घरटी एक माणूस जायचा. मजुरी नाही. भाकर घरची, टोपलं घरचं, पाठ घरची. जंगलखात्याचा साहेब दौऱ्यावर आला की त्याचा बोजा एका गावच्या शिवेपासून दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत पोचवायचा, तोही तसाच. आजा म्हणायचा, "मजुरीत मालक पैसा देते, बेगारीत शिवी देते. इतलाच फरक हाये बाबू."

१९५१ साली मालगुजारी गेली, पण सवय गेली नाही. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपूरनंतर चांद्याला दीक्षा दिली. आजा छोट्या गाडीने मूलहून चांद्याला गेला. परत आला आणि बोलावणं आलं तेव्हा खाटेवरून उठला नाही. एवढंच. आमच्या घरातली क्रांती म्हणजे एक म्हातारा खाटेवरून उठला नाही.

हे सगळं आठवायला कारण झाला एक शब्द. मी आय.टी.आय.त फिटर झालो तेव्हा मास्तरांनी रोबोट म्हणजे 'यंत्रमानव' एवढंच सांगितलं होतं. लोखंडाचा माणूस, डोळ्यांत लाल दिवे. पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकात वाचलं की हा शब्द मूळचा चेक भाषेतला. 'रोबोटा'. म्हणजे काय? तर जमीनदाराच्या शेतात कुळाने आठवड्याचे ठरलेले दिवस फुकट राबायचं. म्हणजे बेगार! ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात ती १८४८ साली कायद्याने बंद झाली. आमच्याकडे संविधानाच्या २३ व्या कलमाने झाली, आणि त्या कलमाच्या इंग्रजी पाठातसुद्धा 'बेगार' हाच शब्द तसाच ठेवलेला आहे. इंग्रजीला त्याच्या तोडीचा शब्द मिळाला नसावा. पुस्तक मिटून मी बाहेर येऊन बसलो. लोखंडाच्या माणसाच्या पोटात माझा आजा निघाला होता.

हा शब्द यंत्राला लावला कारेल चापेक नावाच्या चेक लेखकाने, १९२० साली, एका नाटकात. नाटकाचं नाव 'आर.यू.आर.'. नाव सुचवलं त्याचा भाऊ योसेफ याने, तो चित्रकार होता. पुढे हिटलरच्या छळछावणीत १९४५ साली मेला. चापेकच्या नाटकातले रोबोट लोखंडाचे नव्हतेच. कारखान्यात रसायनांपासून बनवलेली, माणसासारखीच दिसणारी शरीरं ती. त्यांचा कारखानदार सरळ हिशोब मांडतो की चांगला कामगार म्हणजे स्वस्त कामगार, म्हणून माणसातून कामाला न लागणारं सगळं काढून टाकलं. आनंद नको, दुःख नको, गाणं नको. मग हे रोबोट एक दिवस उठतात आणि माणसं संपवतात. एकाच माणसाला सोडतात. तो का? तर तो बांधकामवाला, रोबोटांसारखाच स्वतःच्या हाताने काम करतो म्हणून. मला वाटतं नाटकाचं मर्म इथं आहे. समीक्षक यंत्राची भीती वगैरे लिहितात. मला त्यात यंत्र दिसतच नाही, वेठीला धरलेला माणूस दिसतो.

पण जगाने त्या नाटकातलं बंड बाजूला ठेवलं आणि शब्द उचलला. लेखकांनी रोबोट पत्र्याचा केला. मग अमेरिकेत आयझॅक असिमॉव्हने १९४२ मध्ये एका कथेत रोबोटांसाठी तीन नियम घातले. पहिला, रोबोटने माणसाला इजा करायची नाही आणि होऊ द्यायची नाही. दुसरा, पहिला नियम मोडत नसेल तर माणसाची आज्ञा पाळायची. तिसरा, हे दोन्ही मोडत नसतील तर स्वतःचा जीव वाचवायचा. लोक या नियमांची फार तारीफ करतात. दोस्तहो, मी ते वाचले तेव्हा मला ओळखीचे वाटले. मालकाला धक्का लागू नये, हुकूम मोडू नये, आणि यातून उरलं तर आपला जीव. हेच शास्त्र संस्कृतात लिहिलेलं होतं आणि ते बाबासाहेबांच्या सत्याग्रहात २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळलं. असिमॉव्हचा यात दोष नाही. तो यंत्राबद्दल लिहीत होता आणि यंत्राला असेच नियम हवेत. दोष त्यांचा, ज्यांनी माणसांना हे नियम लावले.

आता मुद्द्यावर येतो. गोष्टीतून यंत्र होतं का? होतं. १९५६ साली अमेरिकेत जॉर्ज डेव्होल नावाचा संशोधक आणि जोसेफ एंगेलबर्गर नावाचा इंजिनियर एका पार्टीत भेटले. डेव्होलने दोन वर्षांआधी एका यांत्रिक हाताच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. एंगेलबर्गर कॉलेजपासून असिमॉव्हच्या कथा वाचणारा. डेव्होलने आपला यांत्रिक हात समजावून सांगितला, आणि एंगेलबर्गरला तो रोबोटच वाटला. गोष्ट वाचलेली नसती तर ते अवजड सामान उचलायचं आणखी एक अवजार राहिलं असतं. दोघांनी मिळून 'युनिमेट' केला आणि १९६१ साली न्यू जर्सीत जनरल मोटर्सच्या कारखान्यात तो कामाला लागला. काम काय? साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलून बाजूला ठेवणं. ज्या कामात माणसाचे हात भाजत, ते काम. एंगेलबर्गरने पुढे आपल्या धंद्यावर पुस्तक लिहिलं तर प्रस्तावना असिमॉव्हची घेतली. माझा आजा चांद्याला गेला ते आणि हे दोघं भेटले ते साल एकच. इकडे एक रोबोट उठून बसला, तिकडे दुसरा जन्माला आला.

दुसरं उदाहरण काळं आहे. एच. जी. वेल्सने १९१४ साली एका कादंबरीत अणूतली शक्ती मोकळी होते, तिचे बॉम्ब विमानातून टाकतात असं लिहिलं. 'अॅटमिक बॉम्ब' हे नावसुद्धा त्याचंच. १९३२ साली ती कादंबरी लिओ झिलार्ड या हंगेरियन शास्त्रज्ञाने वाचली. पुढच्या सप्टेंबरात लंडनच्या एका रस्त्यावर सिग्नलला उभा असताना त्याला साखळीप्रक्रिया सुचली. एक न्यूट्रॉन अणू फोडेल, त्यातून दोन निघतील, दोनाचे चार. १९३४ ला त्याने पेटंट मागितलं आणि मग ते ब्रिटिश आरमाराच्या ताब्यात गुप्त ठेवायला दिलं, कारण वेल्स वाचल्यामुळे याचं पुढं काय होतं ते त्याला आधीच माहीत होतं. तरी ६ ऑगस्ट १९४५ व्हायचा तो झालाच. गोष्ट वाट दाखवते, वाटेवर कोण चालेल ते ठरवत नाही.

आमच्या मराठीत काय झालं? आमच्याकडे स्वप्नाचं तोंड मागे फिरवायची सवय. पुराणात विमानं होती, आम्ही सगळं आधीच केलेलं होतं. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं असं अजून सांगतात. त्या उड्डाणाचा भरवशाचा पुरावा कुणी दाखवलेला नाही. तळपदे खटपट्या माणूस असेल, त्याच्या खटपटीला मी हसत नाही. पण त्या गोष्टीला आधार म्हणून 'वैमानिकशास्त्र' नावाचा जो संस्कृत ग्रंथ पुढे करतात, त्याची बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या पाच जणांनी १९७४ मध्ये तपासणी केली. ग्रंथ १९०४ च्या आधीचा असू शकत नाही आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत, हा निकाल. तरी २०१५ च्या मुंबईच्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर पेपर वाचला गेलाच. मला एकच विचारायचं आहे. पुष्पक विमानात कोण बसलं ते सगळ्यांना पाठ आहे. ते धुवायला कोण होतं?

फरक बघा. वेल्सने पुढच्या काळावर लिहिलं, त्यातून झिलार्डला सुचलं. पुष्पक विमानावर शेकडो वर्षं कीर्तनं झाली, त्यातून सायकलचा एक पंपही निघाला नाही. जे आधीच झालेलं आहे ते करायला कोण बसेल?

योगायोग असा की त्याच १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं की हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी केलेली. १९७९ ला त्यांचा 'यक्षांची देणगी' आला. मूलच्या वाचनालयात भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हेर्न मी शाळेत असताना वाचला होता, त्यानंतर हा. नारळीकरांना मी फार मानतो. फलज्योतिषाची परीक्षा घेणारा, बुवाबाजीला भीक न घालणारा एवढा मोठा शास्त्रज्ञ मराठीत सोपं लिहितो, हे आमच्यासारख्याला केवढं होतं. २० मे २०२५ ला ते गेले तेव्हा मी घरात दिवसभर रेडिओ लावला नाही.

पण मानतो म्हणून विचारू नये असं नाही. त्यांची १९८६ ची कादंबरी 'वामन परत न आला'. त्यात एक बुद्धिमान यंत्रमानव तयार होतो आणि माणसाला भारी पडू लागतो. त्याचं नाव वामन. लहानसा येतो, तीन पावलं मागतो आणि सगळं व्यापतो, म्हणून वामन. पुराणाच्या हिशोबाने नाव चपखल आहे. फुल्यांच्या हिशोबाने? जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त सांगितलं की वामन हा लुटायला आलेला आणि ज्याला पाताळात घातलं तो बळी राबणाऱ्यांचा राजा. आता सांगा, राबणाऱ्या यंत्राचं नाव वामन कसं? चापेकचा रोबोट बळी आहे. तो पाताळातून वर येतो. मराठी विज्ञानकथेचा रोबोट मात्र वामन झाला, कारण लिहिणाऱ्याला भीती घर जाण्याची होती. ज्याचं घरच गावकुसाबाहेर, त्याने लिहिली असती तर गोष्ट दुसरी झाली असती. नारळीकरांनी वाईट लिहिलं असं नाही. आम्ही लिहिलंच नाही, हे खरं दुखणं.

बाहेर लिहिलं गेलं होतं. १९०५ साली रुकैया सखावत हुसेन या बंगाली मुसलमान बाईने, पडद्यात राहून, 'सुल्तानाज ड्रीम' लिहिलं. त्यात बाया सूर्याची उष्णता साठवून वापरतात, ढगातून पाणी ओढतात, हवेतल्या गाडीत बसतात आणि पुरुष घरात कोंडलेले. आज जिला आपण सौरऊर्जा म्हणतो ती तिने चुलीपुढे बसलेल्या बाईच्या बाजूने मागितली. आणि १९२० साली, चापेकच्या नाटकाच्याच वर्षी, अमेरिकेत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या काळ्या विचारवंताने 'द कॉमेट' ही कथा छापली. न्यूयॉर्कच्या बँकेतला एक काळा निरोप्या. त्याला तळघराच्याही खालच्या अंधाऱ्या कोठीत पाठवतात, कारण तिथं धोका आहे आणि किमती माणसं तिथं पाठवत नाहीत. तेवढ्यात धूमकेतूच्या विषारी वायूने वर सगळं शहर मरतं. खाली ढकललेला तेवढा वाचतो. आमच्या पँथरने १९७२ ला अमेरिकेतल्या काळ्यांकडून नाव घेतलं, कविता घेतली. ही कथा घ्यायची राहिली.

'किमती माणसं तिथं पाठवत नाहीत.' हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं त्याला कारण आहे.

मी बरीच वर्षं या भागातल्या एका तांदळाच्या गिरणीत फिटर होतो. कोणत्या ते सांगत नाही. धान वर चढवायला एलिव्हेटर असतो, पट्ट्यावर डबे लावलेले. त्याच्या तळाशी खड्डा. त्या खड्ड्यात सांडलेलं धान, कोंडा, धूळ साचते. पावसाळ्यात पाणी झिरपतं, ते सगळं कुजतं, उंदीर मरून पडतात. मग एक पोरगा आत उतरवायचा. अंगाने बारीक असला पाहिजे, म्हणजे तो आमच्याच वस्तीतला किंवा गोंडांचा. कुजलेल्या धानाचा वायू जड असतो, खालीच बसून राहतो. एका श्रावणात असाच एक पोरगा आत गेला आणि हाका मारून ओ देईना. दोराने वर ओढला. वाचला, पण पुढं छातीने कामाचा राहिला नाही. त्या रात्री मी कागद घेऊन बसलो आणि खड्ड्यात आडवा फिरणारा एक स्क्रू काढला. वरून हँडल, बाजूला झडप, घाण आपोआप बाहेर. नवीन काही नाही, आर्किमिडीजच्या नावाने चालतो तोच स्क्रू. मालकाला दाखवला. मालक चांगला माणूस, रागावला नाही. म्हणाला, "खर्च काढला का? इतक्यात किती दिवस पोरगा उतरवता येईल त्याचा हिशोब कर ना." मी केला. पुष्कळ दिवस निघाले.

ते ड्रॉइंग म्हणजे माझी एकुलती एक विज्ञानकथा.

बाबासाहेबांनी १९४५ साली गांधीवादावर लिहिताना यंत्राची बाजू घेतली होती. माणसाला जनावरासारखं राबण्यातून सोडवून सवड द्यायची तर यंत्र पाहिजे, सवडीशिवाय संस्कृती नाही, असं त्यांचं म्हणणं. दोष यंत्राचा नाही, ते ज्यांच्या ताब्यात आहे त्या समाजरचनेचा. ज्या देशात माणूस यंत्रापेक्षा स्वस्त, तिथं यंत्र स्वप्नातसुद्धा येत नाही. मोटारकारखान्यात १९६१ ला रोबोट आला. गटारात कधी आला?

२०१८ ला. सत्तावन्न वर्षांनी. मैला साफ करायला माणूस लावायची बंदी १९९३ च्या कायद्यात होती, २०१३ च्या कायद्याने ती गटार आणि सेप्टिक टँकपर्यंत नेली. सुप्रीम कोर्टाने २०१४ ला गटारात मेलेल्याच्या घरी १० लाख द्यायला सांगितले, ऑक्टोबर २०२३ ला ते ३० लाख केले. भरपाई वाढली म्हणजे मरण चालूच आहे. ते बंद व्हावं म्हणून सफाई कर्मचारी आंदोलनाने वर्षानुवर्षं मरणांचा हिशोब ठेवला, तो सरकारपुढे मांडला. २०१५ ला केरळात कोळिकोडला मॅनहोलमध्ये दोन कामगार आणि त्यांना वाचवायला उतरलेला रिक्षावाला असे तिघे मेले. त्याच केरळातल्या इंजिनियरिंगच्या काही पोरांनी कॉलेजात असताना माणसाच्या अंगावर चढवायचा यांत्रिक सांगाडा बनवला होता. असला सांगाडा विज्ञानकथांत आधीच होता, रॉबर्ट हाइनलाइनने १९५९ च्या कादंबरीत आपल्या शिपायांना तो घातला होता. या पोरांनी मग जेनरोबोटिक्स नावाची कंपनी काढली आणि गटारासाठी यंत्र केलं. २०१८ ला तिरुवनंतपुरमला ते चालू झालं. मॅनहोलच्या तोंडावर बसतं, यांत्रिक हात खाली सोडतं, कॅमेऱ्यातून वर पडद्यावर दिसतं, माणूस वर उभा राहून चालवतो. आधी जे आत उतरत त्यांनाच चालवायला शिकवलं, हे मला सगळ्यात आवडलं. नाव ठेवलं 'बँडिकूट'. मूळ तेलुगू शब्द, म्हणजे आपली घूस. बिळात शिरणारी.

लढायांसाठी लिहिलेला सांगाडा गटाराच्या तोंडाशी यायला एवढी वर्षं लागली. मध्ये कुणी गटारावरच गोष्ट लिहिली असती तर? मी काही छातीठोक सांगत नाही. पण एंगेलबर्गरला पार्टीत रोबोट ओळखू आला तो वाचल्यामुळे, हे मी विसरू शकत नाही.

वाचल्याशिवायही माणसं शोध लावतात, हे कबूल. त्याला मूलपासून लांब जायला नको. नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव. तिथले दादाजी खोब्रागडे, तिसरीपर्यंत शिकलेले, जेमतेम दीड एकराचे धनी. १९८३ च्या सुमारास 'पटेल ३' जातीच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. बारीक दाण्याचा, भरघोस, वासाचा तांदूळ तयार झाला. त्या काळी मनगटावर एच.एम.टी.चं घड्याळ असणं म्हणजे मोठी गोष्ट. त्यावरून धानालाही एच.एम.टी. नाव पडलं. बियाणं ते मागेल त्याला देत गेले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने १९९४ ला त्यांच्याकडून नेलं आणि १९९८ ला 'पी.के.व्ही. एच.एम.टी.' म्हणून प्रसारित केलं. श्रेय आपल्याला दिलं नाही, हे दादाजी शेवटपर्यंत सांगत राहिले. पुढं राष्ट्रपती कलामांच्या हातून सन्मान झाला, २०१० ला फोर्ब्सच्या यादीत नाव आलं. ३ जून २०१८ ला गेले, गरिबीतच. आमच्या गिरणीच्या त्या खड्ड्यात जे धान कुजायचं, त्यात एच.एम.टी. पुष्कळ असायचं.

दादाजींनी विज्ञानकथा वाचलेली नव्हती. त्यांच्यावर कुणी लिहिलीही नाही. शंभर वर्षांनंतरचा नांदेड गावचा शेतकरी आणि त्याचं धान, असा विषय आमच्या एखाद्या पोराला सुचतो का बघतो आहे. दोन पोरांना सांगून ठेवलंय. एक म्हणतो, "काका, आमी कविता लिवतो." लिही बाबा, तीही लिही.

स्क्रूचं ड्रॉइंग मी संपादकांकडे दिलं आहे. स्टेन्सिलवर रेघा नीट उमटल्या तर मागच्या पानावर छापतील. माप फुटात आहे. ज्याच्याकडे खड्डा असेल त्याने घ्यावं, मला विचारू नये.